बारावी सुई

७ जुलै, सोमवार

बाबांच्या या वहीत मी आजवर कामापुरतंच लिहीत आले. गाडी कुणाची, चामडं कुठलं, किती दिवस लागले, आणि शेवटी सुयांची मोजणी. बाबांचा नियमच होता: काम संपलं की आधी सुया मोजायच्या, मग हात धुवायचे. गादीत राहिलेली सुई गिऱ्हाइकाला कुठे टोचेल ते सांगता येत नाही, असं म्हणून स्वतःच हसायचे. त्यांच्या चामड्याच्या गुंडाळीत बारा सुया होत्या. त्याच बारा आज माझ्याकडे आहेत. आजचं मात्र कामापुरतं लिहून भागायचं नाही.

डॉन अमिल्कारनी सकाळीच बोलावून घेतलं. मला वाटलं, शवगाडीच्या पडद्यांना परत कसर लागली असेल. एकोणीस वर्षं मी त्यांच्या संग्रहालयातल्या गाड्यांच्या गाद्या शिवते आहे. लोकरीच्या जुन्या गोदामात चौतीस काचिला, म्हणजे जुन्या जमान्यातल्या मोटारी, उभ्या आहेत, सदतीस सालच्या शवगाडीपासून कुण्या मंत्र्याच्या पॅकार्डपर्यंत, आणि त्यातली एकही अशी नाही की जिच्यात मी डोकं खाली पाय वर करून काम केलेलं नाही. पण आज म्हातारबुवा गाड्यांपाशी थांबलेच नाहीत. काठी टेकत थेट मागच्या शेडमध्ये.

मागे विमानं आहेत हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मी कधी आत शिरले नव्हते. विमानाला गादी ती केवढीशी. आज मिल्टननं दार सरकवलं आणि मी उंबऱ्यावरच थांबले. पिवळं धमक विमान, शेपटी टेकून नाक वर केलेलं. हवाई दलातल्या पोरांना उडायला शिकवायचं हे विमान, डॉन अमिल्कारनी बावीस वर्षांपूर्वी लिलावात भंगार म्हणून उचललेलं. मिल्टन मेकॅनिक तेव्हापासून त्याच्या इंजिनाशी झटतो आहे. मी नाकाखाली जाऊन उभी राहिले तर पंख्याचं पातं माझ्या डोक्याच्या वर. एकसष्ट वर्षांच्या बाईनं असं आ वासून बघत राहणं बरं दिसत नाही, पण राहिले खरी.

"हिची शेपटी कापडाची आहे," डॉन अमिल्कार म्हणाले. "उभं सुकाणू कापडाचं, आडव्या पात्या कापडाच्या. सांगाड्यावर कापड शिवायचं, वर रोगण मारायचं. दोन वर्षं शोधतोय, शिवणारं कुणी सापडत नाही. तू शिव."

"मी गाद्या शिवते, डॉन अमिल्कार. गादी उसवली तर माणूस फार तर दोन बोटं खाली बसतो. हे उसवलं तर?"

"तर एल्विओ खाली येईल," मिल्टन म्हणाला.

एल्विओ बाराते तिथेच होता, चाकावर टेकून, भोपळ्यातला येर्बाचा कडू चहा नळीनं चोखत. शेतांवर औषध फवारायचं विमान चालवतो, पंचक्रोशीत वैमानिक म्हणून तेवढा एकच. शाळेत माझ्या मागच्या बाकावर असायचा. "झुल्मा शिवणार असेल तर उडवतो," म्हणाला. "दुसरं कुणी शिवलं तर मी येत नाही." फुकटचा आगाऊपणा.

ऑक्टोबरच्या चार तारखेला वारसा दिवस. त्या दिवशी हिला गावावरून एक फेरी मारायची आहे. "पुढच्या वर्षी का नाही?" मी विचारलं. डॉन अमिल्कार काठीच्या मुठीकडे बघत म्हणाले, "डॉक्टर म्हणतो, पुढच्या वर्षीचं काही ठरवू नका." मग मला नाही म्हणता आलं नाही.

सुया बारा.

११ जुलै, शुक्रवार

जुनं कापड उतरवलं. बोट लावलं की फाटत होतं, इतकं कुजलेलं. आतून सांगाडा निघाला: हिरव्या रंगाच्या पातळ फासळ्या, इतक्या हलक्या की ते अख्खं सुकाणू मी एकटीनं उचललं. गाडीचं एक दार मला उचलवत नाही. एवढ्याशा वस्तूच्या भरवशावर माणसं ढगात जातात, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

आणि सुकाणूच्या मधल्या फासळीवर पेन्सिलीनं लिहिलेलं सापडलं. "पेर्पेतुआ साराविआ. मंगळवार. पाऊस थांबत नाही." बाईचं अक्षर. मिल्टनला दाखवलं, त्यानं डॉन अमिल्कारना हाक मारली, ते भिंग घेऊन आले आणि तिघंही आम्ही कितीतरी वेळ त्या पावसाबद्दल वाचत उभे राहिलो.

सुया बारा.

२४ जुलै, गुरुवार

तोंड दाखवायला जागा राहिली नाही. पहिली आडवी पाती शिवून पूर्ण केली होती. काय दिसत होती, एक सुरकुती नाही, बोटानं टिचकी मारली तर वाजावी अशी ताणलेली. गादी ताणावी तर आमच्या घराण्यानंच. काल रोगणाचा पहिला हात मारला, आज सकाळी येऊन बघते तर पातीची मागची कड वाकलेली. रोगण वाळताना कापड आवळतं म्हणे. मी आधीच जीव काढून ताणलेलं, त्यात ते आणखी आवळलं, आणि आतल्या फासळीला पोक आलं.

मिल्टन नुसता त्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. ते जास्त लागलं. एल्विओ म्हणाला, "झुल्मा, विमान आहे, सोफा नाही."

"इतकं कळतं तर तूच शिव."

"मला शिवता आलं असतं तर तुझ्या दुकानात येण्याचं कारण काय राहिलं असतं?"

नको तेव्हा विनोद सुचतात या माणसाला. चाळीस वर्षांपूर्वी क्लबच्या नाचाला ये म्हणून यानं मला विचारलं होतं, मी म्हटलं बाबांच्या गिऱ्हाइकाचा सोफा शनिवारपर्यंत द्यायचाय. अजून सोफ्यावरून टोमणे मारतो. मधल्या काळात त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, बायको गेली त्यालाही सहा वर्षं झाली. विसरायला इतकं पुरायला हवं होतं.

सुया बारा. कापड सगळं वाया.

२८ जुलै, सोमवार

पेर्पेतुआ साराविआ जिवंत आहेत. डॉन अमिल्कारनी चार फोन फिरवून शोध लावला: एकेकाळी हवाई दलात विमानांचं कापड शिवायच्या, आता दुरास्नोच्या वृद्धाश्रमात, वय त्र्याण्णव. एल्विओनं त्याच्या खटाऱ्यातून नेलं. तो बाहेर थांबला, मी आत गेले.

मी फासळीवरच्या अक्षराचा फोटो दाखवला. डोन्या पेर्पेतुआंनी तो नाकाला लावला आणि म्हणाल्या, "त्या दिवशी माझे बूट फुटले होते. पाणी आत येत होतं." बस, एवढंच. मग मी वाकलेल्या पातीचा फोटो दाखवला तर बाई खदखदून हसल्या.

"गादीवाली ना तू?"

"हो."

"गादीवाल्या सगळ्या असंच करतात. अगं, कापड ढिलं ठेव. इतकं ढिलं की तुझी तुला लाज वाटेल. रोगण त्याचं काम करतं, तू त्याचं काम करू नकोस. तू फक्त गाठ मार. प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ. एक टाका तुटला तर शेजारच्याला कळता कामा नये."

उशीच्या अभ्र्यावर त्यांनी मला गाठ शिकवली. बोटं वाकडी झालीत, पण गाठ मारताना सरळ होतात. मी बघत राहिले. निघताना त्यांनी हात धरला. "सुया मोजतेस का?"

"रोज."

"मोजच. आत राहिलेली सुई इंजिनाच्या थरथरीनं नाचत राहते, आणि नाचता नाचता कापड आतून कुरतडते. खाली उभं राहणाऱ्याला काही दिसत नाही." मग म्हणाल्या, "आणि बंद करायच्या आधी आत लिही काहीतरी. आम्ही सगळ्या लिहायचो. बाहेर सरकारचा रंग, आत आमचं. कुणी वाचत नाही."

परत येताना एल्विओनं विचारलं काय म्हणाल्या. मी म्हटलं, ढिलं ठेव म्हणाल्या. तो मैलभर नुसता हसत गाडी चालवत होता. यात हसण्यासारखं काय होतं ते देव जाणे.

सुया बारा.

९ ऑगस्ट, शनिवार

नवीन पाती लागली. ढगळ झग्यासारखं कापड लावलं, रात्रभर मला लाजेनं झोप नाही, आणि रोगणाच्या चौथ्या हाताला ते असं बसलं की मी शिवलंय हे मलाच पटेना. कड सरळ.

आणि आज मिल्टननं इंजिन चालू केलं. आधी एक लांबलचक कण्हणं, मग एक ठसका, निळा धूर, मग एका मागून एक नऊच्या नऊ सिलिंडर जागे झाले. जमीन हलली. शेडचे पत्रे थरथरले, पलीकडच्या कुरणातल्या गाई उधळल्या. माझ्या छातीतलं हाड न् हाड वाजत होतं. बाबा गेले तेव्हा मी रडले नव्हते, कामं अंगावर होती. आज इंजिनाच्या धुरात उभी राहून घळाघळा रडले. मिल्टन माझ्याकडे बघून ओरडला, "धूर लागतो डोळ्यांना," आणि तोही डोळे पुसत होता. बावीस वर्षं. डॉन अमिल्कार खुर्चीत बसले होते, टोपी काढून मांडीवर घेतलेली, चर्चमध्ये बसावं तसे.

एल्विओ आतल्या बैठकीत होता. इंजिन बंद केल्यावर खाली उतरला आणि गरम पत्र्यावर थाप मारून म्हणाला, "म्हातारी झकास आहे." तेव्हापासून विमानाचं नाव म्हातारी.

सुया बारा.

३० ऑगस्ट, शनिवार

दरवर्षी ऑगस्टअखेर येणारं सांता रोसाचं वादळ ठरल्या दिवशी आलं. शेडमध्ये जाणं शक्य नव्हतं म्हणून दुकानातच बसून फासळ्यांवर बसवायच्या कापडी पट्ट्या कापल्या. पाऊस म्हटल्यावर रिवाजाप्रमाणे तोर्ता, पिठाच्या जाड पुऱ्या, तळल्या, एकटीला तीन पुरतात, का कोण जाणे पीठ जास्त भिजवलं गेलं. तेवढ्यात एल्विओ भिजून चिंब होऊन आला. त्याच्या कोटाच्या खिशाची शिवण उसवली होती म्हणे. बघितलं तर खिसा चांगला पातं लावून कापल्यासारखा. मी म्हटलं, उंदीर कुरतडतात, कपाटात धान्य ठेवू नकोस.

सात तोर्ता खाल्ल्या त्यानं. खिसा शिवून दिला.

सुया बारा.

११ सप्टेंबर, गुरुवार

सुकाणू आज बंद केलं. दोन्ही बाजूंना एकशे बारा टाके, एकशे बारा गाठी. शेवटची कड शिवायच्या आधी पेन्सिल घेतली आणि डोन्या पेर्पेतुआंच्या ओळीखाली एक ओळ लिहिली. काय लिहिलं ते या वहीत लिहायची गरज नाही. मग कड वाकड्या सुईनं शिवून टाकली, झालं.

दुपारी एल्विओ वैमानिकाचं चामडी जाकीट घेऊन आला, कॉलरचं अस्तर सुटलेलं. शेडमध्येच बसून शिवलं. तो समोर पेटीवर बसून भोपळा भरून भरून देत होता. वारसा दिवसाला किती उंचीवर जाणार, शेपटी कशी प्रतिसाद देते, वरून आपलं गाव केवढं दिसतं, असलं बोलत होता. सांगत होता की वर गेल्यावर सगळ्यात आधी तो माझ्या दुकानाचं लाल छप्पर शोधतो, दिशा कळायला. मी म्हटलं, चर्चचा मनोरा बरा पडेल, उंच आहे. "मनोरा नको," म्हणाला. अंधार कधी पडला कळलं नाही. घाईघाईनं घरी आले. येर्बा फार प्यायलं की झोप येत नाही मला.

१७ सप्टेंबर, बुधवार

आठवडाभर नुसतं रोगण आणि रंग. सुयांची गुंडाळी सोडलीही नाही. आज राजधानीतून तपासनीस आला. गंभीर तरुण. त्यानं माझ्या शिवणीवरून बोट फिरवलं, एक एक गाठ मोजली, आणि विचारलं, "कुठे शिकलात, सेन्योरा?" मी म्हटलं, उशीच्या अभ्र्यावर. त्यानं सही केली.

म्हातारी आता अख्खी झाली आहे. दिवसातून दोनदा तिच्याभोवती फेरी मारून येते. काम काही नसतं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सुया अकरा.

तीनदा मोजल्या. एका गिऱ्हाइकाच्या ट्रॅक्टरची बैठक घ्यायची म्हणून गुंडाळी सोडली, तर वाकडी सुई नाही. दुकान झाडलं. शेडची जमीन लोहचुंबकानं झाडली, मिल्टनला म्हटलं स्क्रू पडलाय. वही मागे चाळली. शेवटची मोजणी तीस ऑगस्टची लिहिलेली. अकरा सप्टेंबरला मोजणी लिहिलेली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्या दिवशी मी सुकाणू त्याच सुईनं बंद केलं.

आठ दिवसांवर उड्डाण आहे.

२७ सप्टेंबर, शनिवार

जे मनात आलं ते खरं खरं लिहिते, नाहीतर ही वही जाळून टाकावी.

मनात आलं की कुणाला कळणार आहे. सुया मोजणारी मी एकटी. दुसरी वाकडी सुई आणायची, बारा करायच्या, गप्प बसायचं. सुईचं वजन ते काय. तिनं कापड कुरतडायला तासन् तास लागतील, फेरी दहा मिनिटांची. असं सगळं मी स्वतःला अगदी वकिलासारखं समजावलं.

शिवाय सुकाणू उघडलं तर तपासनिसाची सही रद्द. तो परत वेळेत आला नाही तर डॉन अमिल्कारांचा वारसा दिवस गेला, आणि त्यांना पुढचा नाही. आणि दुसरंही एक कारण आहे. उघडलं तर आत लिहिलेलं सगळे वाचतील. या कारणासाठी मी अर्धा दिवस गप्प बसले, याची मला जास्त लाज वाटते.

दुपारी दुकानाच्या छपराकडे बघितलं. लाल. वरून दिसतं म्हणाला होता.

जाऊन डॉन अमिल्कारना सांगितलं. ते काठीशी चाळा करत म्हणाले, "नक्की आत आहे?"

"नक्की नाही. पण नक्की बाहेरही नाही."

"न बोलता राहिली असतीस तर?"

"तुमचं विमान उडालं असतं."

"आणि तू?"

मी म्हटलं, मी खाली उभी राहून दहा मिनिटांत मेले असते. म्हातारबुवांनी मिल्टनला हाक मारली. "कात्री आण," म्हणाले. "सोफ्यापेक्षा माणूस महत्त्वाचा." म्हणजे सोफ्याची गोष्ट त्यांनाही माहीत आहे. हे गाव.

२८ सप्टेंबर, रविवार

सुकाणू उतरवून कापलं. माझ्या हातानं कापलं, दुसऱ्याला देववेना. रंगवलेलं, ताणलेलं कापड कात्रीखाली असा आवाज करत होतं की मिल्टननं टोपी डोळ्यांवर ओढली. दिवा लावून फासळी न् फासळी बघितली. लोहचुंबक फिरवलं. उलटं करून झटकलं. सुई नाही.

मिल्टननं दिवा मधल्या फासळीवर नेला आणि थांबला. मी दुसरीकडे बघितलं. "काहीतरी लिहिलंय इथे," तो म्हणाला, मग म्हणाला, "मला वाचता येत नाही. चष्मा विसरलो." चष्मा त्याच्या कपाळावर होता. देव त्याचं भलं करो.

सुई नाही म्हणजे ती कुठेही असू शकते. आडव्या पात्यांतही. त्या पण कापायच्या का? डॉन अमिल्कार म्हणाले, एल्विओला येऊ दे. तो तीन दिवस भातशेतीवर फवारणीला गेला आहे, फोन लागत नाही. त्याला काय सांगू? तुला मारायची तयारी माझ्या विसराळूपणानं केली होती?

२९ सप्टेंबर, सोमवार

एल्विओ दुपारी आला. सरळ शेडमध्ये, अंगाला औषधाचा वास. सुकाणू टेबलावर फाडलेलं बघून म्हणाला, "हे काय?"

मी सांगितलं. उभ्या उभ्या सांगितलं, शब्द न गिळता. सुई हरवली, मोजणी चुकली, कदाचित आत, कदाचित पात्यांत, चूक माझी. त्यानं दिवा उचलला आणि सुकाणूत डोकं घातलं, बघायला. मिल्टननं एवढं बघून झाल्यावर आणखी काय दिसणार होतं. तो मधल्या फासळीपाशी थांबला. थांबलाच. दिव्याची तार हलत होती, तो नाही. मला वाटलं, पायाखालची जमीन फाटली तर बरं.

मग तो सरळ उभा राहिला, जाकिटाची कॉलर उलटी केली, आणि अस्तरातून वाकडी सुई काढून टेबलावर ठेवली.

"अस्तरात राहिली होती," म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी मानेला टोचली."

"आणि आणून दिली नाहीस?"

"उड्डाण झाल्यावर देणार होतो. तेवढंच यायला कारण. खिशात आता कापायला काही उरलं नाही, झुल्मा."

मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. निष्काळजी, नालायक, साठी उलटली तरी अक्कल नाही. तीन दिवस मी मेलेय, म्हाताऱ्या माणसाचा जीव टांगणीला लागलाय, अख्खं सुकाणू फाडलंय. तो मान खाली घालून ऐकत होता. डॉन अमिल्कार खुर्चीतून म्हणाले, "जाऊ दे ग. पात्या तरी वाचल्या." मग ते आणि मिल्टन येर्बाला पाणी तापवायला गेले, दोघंही, एका किटलीसाठी.

खिसा उंदरांनी कुरतडलेला नव्हता, हे मला आज कळलं.

सुया बारा.

१ ऑक्टोबर, बुधवार

दोन दिवस रात्रीचा दिवस करून शिवलं. त्याच वाकड्या सुईनं. ढिलं ठेवलं. आत लिहिलेलं खोडायला रबर घेतलं होतं, एल्विओनं हात धरला. "पुसू नकोस. माझ्यासाठी आहे ते." मग माझ्या कानामागची पेन्सिल काढून घेतली आणि माझ्या ओळीखाली लिहिलं: "बरं." एवढंच. चाळीस वर्षांनी एवढंच, आणि मला दोरा तीनदा ओवावा लागला.

बंद केलं. आज संध्याकाळपर्यंत रोगणाचे हात. तपासनिसानं उद्या संध्याकाळी येतो म्हणून कळवलं आहे. डॉन अमिल्कारनी त्याला स्वतः फोन केला. काय बोलले ते सांगत नाहीत.

सुया बारा. दोनदा मोजल्या.

२ ऑक्टोबर, गुरुवार

तपासनीस दिवे लागायच्या वेळी आला. रंग पूर्ण झालेला नाही, सुकाणू नुसतं रुपेरी आहे, बाकी म्हातारी पिवळी. त्यानं परत गाठी मोजल्या. "रंगाचा आणि उडण्याचा काही संबंध नाही," म्हणाला आणि सही केली. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "सेन्योरा, सुई हरवल्याचं तुम्ही स्वतःहून सांगितलंत?" मी म्हटलं हो. त्यानं माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. चांगल्या घरचा दिसतो.

सुया बारा.

४ ऑक्टोबर, शनिवार

सगळं गाव गोदामासमोर. काचिला झाडून पुसून रांगेत, पोरं शवगाडीत शिरायला भांडतायत, शेगडीवर मांस चढलेलं. दुरास्नोहून डोन्या पेर्पेतुआंना आणलं होतं, चाकाच्या खुर्चीतून, पायात नवे बूट. मी मुद्दाम बघितलं.

निघायच्या आधी एल्विओच्या कॉलरचं अस्तर परत सुटलेलं दिसलं. तिथेच शिवायला घेतलं, पण इंजिन चालू करायची वेळ झाली, टाका अर्धाच राहिला, आणि सुई तशीच अस्तरात राहिली. टोक आत वळवलं आहे, दोऱ्यानं बांधलं आहे, टोचणार नाही. वेळच नव्हता, काय करणार.

म्हातारी कुरणाच्या टोकापर्यंत डुलत गेली, वळली, थांबली. मग ओरडली. धावायला लागली तेव्हा शेपटी आधी उचलली गेली, माझी शेपटी, रुपेरी सुकाणू उन्हात लखलखत, आणि मग चाकांखालून गवत सुटलं. इतकी जड वस्तू, लोखंड, तेल, नऊ सिलिंडर, त्यात एक हट्टी माणूस, आणि जमीन तिला सोडून देते. शेकडो माणसं, सगळी मान वर करून. डोन्या पेर्पेतुआ ओठांनी काहीतरी मोजत होत्या, मला वाटतं टाके.

ती आमच्या डोक्यावरून गेली. गाव ओलांडून, चर्चचा मनोरा सोडून, माझ्या दुकानावरून वळली. वळताना सुकाणू हललं, अगदी थोडं, मान वळवून कुणाकडे बघावं तसं. डॉन अमिल्कारनी डोळे मिटून घेतले होते. मी म्हटलं, बघा ना. ते म्हणाले, "ऐकतोय. बघायला तू आहेस."

दहा मिनिटं होती की दहा वर्षं, मला सांगता यायचं नाही. चाकं टेकली तेव्हा मी खाली बसले, गवतातच.

एल्विओ उतरला. इंजिनाच्या आवाजानं कान बंद झालेले, त्यामुळे त्याला वाटत होतं तो हळू बोलतोय. सगळ्या गावासमोर, गर्दीतून सरळ माझ्याकडे येत, अख्ख्या कुरणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तू लिहिलं होतंस ना, ‘म्हातारे, याला धड परत आण’ म्हणून. आणलं बघ तिनं. आज संध्याकाळी क्लबात नाच आहे. सोफा बिफा काही शिवायचाय का?"

डोन्या पेर्पेतुआ माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मी म्हटलं होतं, कुणी वाचत नाही. कधी कधी वाचतात."

सोफा नाही म्हटलं.

आता घरी येऊन वही उघडली आहे. पायात नाचाचे जोडे आहेत, बाहेर तो हॉर्न वाजवतोय. आधी मोजून घेतल्या.

सुया अकरा. मोजणी बरोबर.